सुग्राबीचा बोर्ड

“बाईले इचारा न, कय्युमभाई, बोर्ड कोनत्या भिंतीले पाह्यजे?” धावजी वायरमन स्टुलावर चढता चढता म्हणाला.

परका पुरुष घरात आला म्हणून सुग्राबी स्वयंपाकघराचं दार लावून आत बसली होती. बोरी अरब गावातल्या त्या घराची रीतच होती तशी. बाईनं परक्यासमोर आवाज काढायचा नाही. हो असेल तर दाराची आतली कडी एकदा वाजवायची, नाही असेल तर दोनदा. बाकीचं बाहेरचे पुरुष बोलतील. आणि बोलायला कय्युम होताच, तिचा मोठा दीर. त्याला कधी शब्द कमी पडला?

भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, वीज मात्र एकच राहिली. मेन स्विच कय्युमच्या बैठकीत. रात्रीची नमाज झाली की हा भला माणूस खटका खाली ओढायचा, आणि इकडे सुग्राबीचं शिलाई मशीन अर्ध्या बाहीवर थांबायचं. नवऱ्याच्या, नासिरच्या, तिनं किती मिनतवाऱ्या केल्या! मीटरपासून निराळी तार, निराळा बोर्ड, आपल्या घराचा उजेड आपल्या हातात. नासिरनं कबूलही केलं होतं.

“बोर्ड कुठीबी लाव,” कय्युम म्हणाला. “लाइन मात्र माह्या मेनमधून घे.”

“मंग हा बोर्ड कायले लावता? तुमी मेन पाडला का इकडंबी अंधार.”

“घर एकच हाय न, बाबा.”

सुग्राबीनं दोनदा कडी वाजवली.

“पसंद हाय म्हनते,” कय्युम म्हणाला.

तिच्या अंगाची नुसती आग झाली. पुन्हा दोनदा, चांगली जोरात. नासिर तिथंच होता, स्टूल धरून. कडीचा अर्थ त्याला काय ठाऊक नव्हता? बोल रे बाबा, आज तरी बोल! शेवटी तीच ओरडली, “नाही म्हनून राह्यली मी! मीटरपासून घ्या लाइन!”

हातोडी थांबली. धावजी अवघडला. “बाई बोलल्या वाट्टे...”

“नासिर,” कय्युमनं शांतपणे विचारलं, “तुह्या घरातून कोनी बोललं काय?”

नासिरनं मान खाली घातली. “नाही, भाईजान. कोनी नाही.”

हातोडी पुन्हा सुरू झाली. तार कय्युमच्या बैठकीतूनच आली.

धावजी गेल्यावर नासिरनं दारावर हलकेच थाप मारली. तिनं दार उघडलं.

“झालं,” तो म्हणाला. “ये न, बटन दाबून पाह्य. मशीनपाशीच लावलं हाय, तुह्या हाताशी.”

“कोनाच्या हातानं दाबू?” ती म्हणाली. “आत तं कोनीच नव्हतं.”

नासिरनं स्वतःच बटन दाबलं. दिवा लागला.