शांततेचा तुकडा

कानसेनांनी लाल पिन लाल भोकात, पांढरी पांढऱ्यात दाबून बसवली, पेटीची वायर लॅपटॉपच्या चार्जरपासून वीतभर दूर सरकवली आणि मगच बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. त्यांची मुलगी पलंगाच्या कडेला बसून बघत होती. महिन्याभरातली ही तिसरी पेटी होती.

"आता तरी ठीक वाजू दे," ती म्हणाली.

"वाजेल. मशीन चांगलं असेल तर वाजेल."

कानसेन हे नाव नोकरीतलं. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षं काढली. शेजारच्या खोलीत टाचणी पडली तरी कुठल्या कोपऱ्यात पडली ते हा माणूस सांगेल, असं सहकारी म्हणायचे आणि त्यांनीच थट्टेत हे नाव ठेवलं. कानसेनांनी मात्र ते पदवीसारखं मिरवलं. घरात नळ नीट बंद झाला नाही, फ्रीजची घरघर बदलली, की पहिल्यांदा त्यांना कळायचं. बायकोही चारचौघांत "आमचे कानसेन" असंच म्हणायची, आणि म्हणताना तिच्या स्वरात अर्धी चेष्टा आणि अर्धा अभिमान असायचा.

ती जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधीची नऊ वर्षं दोघांनी मिळून एक काम केलं होतं. दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी ती पुस्तकं वाचायची आणि हे ती ध्वनिमुद्रित करायचे. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. आत टेबलाशी ती, दाराबाहेर स्टुलावर लॅपटॉप घेऊन हे. अशी तेवीस पुस्तकं झाली. तिच्या मागे त्या फायली उघडायचं धाडस त्यांना कितीतरी दिवस झालं नाही. शेवटी एका दुपारी उघडल्या, तर लॅपटॉपला जोडलेल्या हेडफोनातून तिच्या आवाजाआड सारखी फुसफुस येत होती. इतकी वर्षं त्याच फुसफुशीवर त्यांनी काम केलं होतं, पण तेव्हा ती स्वतः दाराआड होती, त्यामुळे काही अडलं नव्हतं. आता जे होतं ते एवढंच होतं.

मग चौकशी सुरू झाली. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी वेगळी पेटी मिळते, तिला डॅक म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. स्टुडिओत कपाटाएवढी यंत्रं होती, आता ती डब्याएवढी झाली होती. ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर घरात होतेच. तेव्हा प्रश्न फक्त पेटीचा होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

पहिली पेटी बोटाएवढी होती. ती लावली आणि फुसफुस गेली, आवाज एकदम खोलीत आला. दोन मिनिटं कानसेन स्पीकरसमोरून हलले नाहीत. पण तिसऱ्या मिनिटाला वाक्याच्या मध्येच एक बारीक टिक ऐकू आली. मग आणखी एक. एकदा ऐकू आली म्हटल्यावर तिच्यापलीकडे काही ऐकूच येईना. पेटी परत गेली. दुसरी आली, काळी, जडशी. तिच्यात टिक जास्तच स्पष्ट वाजू लागली. दुकानदाराने ती आपल्याकडच्या गाण्यांवर तासभर वाजवून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काका, इथे तर एकदम स्वच्छ वाजतेय. तुमचं रेकॉर्डिंग आणा ना, तेच लावू."

ते मात्र कानसेनांना जमण्यासारखं नव्हतं. चार गिऱ्हाइकांसमोर, भिंतीवरच्या टीव्हींच्या गलक्यात बायकोचा आवाज वाजवायचा हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दुकानदाराने तिसरी पेटी काढली, दुकानातली सगळ्यात वरची, आणि आठ दिवसांच्या बोलीवर दिली.

"दोन पेट्यांना एकच दोष, असं मी तरी बघितलं नाही," तो म्हणाला. "रागावू नका, पण नाचता येईना तर..." आणि पुढचं त्याने गिळलं.

आता तिसरी पेटी टेबलावर होती. कानसेनांनी तिने वाचलेलं शेवटचं पुस्तक लावलं. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी तेच लावलं होतं. तिचं सगळ्यात अलीकडचं बोलणं त्यात होतं, दुसरं काही ऐकायची त्यांना इच्छाच नव्हती. पहिलं प्रकरण सुरू झालं. तिचा स्वर सावकाश, शब्द सुटे, शाळेत वर्षानुवर्षं शुद्धलेखन सांगून तयार झालेला. ते डोळे मिटून बसले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आहे," ते म्हणाले.

"मला काहीच ऐकू येत नाही, बाबा."

"तुला कसं येईल? तुझे कान कधी तयार झाले?"

मुलगी उठली. खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला. कधीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून तिने पाठमोरी असतानाच म्हटलं:

"एकदा कान तपासून घेऊ या का? या वयात कानात आवाज येतात माणसांना."

हे कानसेनांच्याही मनात पहिल्या पेटीपासून येऊन गेलं होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती. डोळे अधू झाले असते, गुडघे गेले असते, तर त्यांनी सोसलं असतं. पण बायको आता फक्त कानांतूनच घरात येऊ शकत होती. तेवढी वाट बंद झाली, तर मग काय उरलं?

"आधी तपासू," ते शेवटी म्हणाले. "पण माझ्या पद्धतीने. कागद घे. टिक आली की मी बोट वर करेन, तू वेळ लिही. मग तेच पुन्हा लावू. कानातलं भूत असेल तर दर वेळी वेगळीकडे ओरडेल."

प्रकरण वीस मिनिटांचं होतं. त्यांचं बोट नऊ वेळा वर झालं. मुलीने कागद उलटा करून ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळीही नऊ. तिने दोन्ही याद्या शेजारी धरल्या. एका सेकंदाचाही फरक नव्हता.

"तेच आहे, बाबा. सगळं तसंच्या तसं."

"बघ," कानसेन म्हणाले. "बघ. कान शाबूत आहेत." आणि ते हसले. आठ महिन्यांत मुलीने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून तीही हसली.

"म्हणजे पेटीही बरोबर आणि तुम्हीही बरोबर. मग टिक रेकॉर्डिंगमध्येच आहे."

"माझ्या रेकॉर्डिंगमध्ये?"

"काखेत कळसा, बाबा."

चेष्टा त्यांनी खिलाडूपणे घेतली, पण मनाला ती झोंबली. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दोष म्हणजे काय? त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, प्रकरणाची मूळ फाइल उघडली आणि पहिल्या टिकेच्या वेळेवर गेले. पडद्यावर आवाजाची रेघ होती, तिच्यात एक बारीक सांधा होता. हा सांधा त्यांच्याच हातचा होता. दुसऱ्या टिकेलाही सांधा होता. तिसरीलाही.

"काय आहे ते?" मुलीने विचारलं.

"श्वास," ते म्हणाले. "वाचताना माणूस श्वास घेतो ना, तो मोठा झाला तर मी कापतो. ऐकणाऱ्याला त्रास नको. पण तिथे नुसतं रिकामं ठेवलं तर कानाला खड्डा लागतो. म्हणून खोलीची शांतता चिकटवायची. पुस्तक सुरू करायच्या दिवशी तिला अर्धं मिनिट गप्प बसवायचो आणि ती शांतता मुद्रित करून ठेवायचो. तिचा एक तुकडा घ्यायचा आणि जिथे कापलं तिथे लावायचा."

"या पुस्तकात सगळीकडे तोच तुकडा?"

"तोच."

तो एका वेगळ्या फायलीत होता. फायलीला त्यांनी 'शांतता' असंच नाव दिलं होतं. ती लावली आणि आवाज पुरता मोठा केला. गोधड्यांच्या खोलीचा मंद घुमारा आला, आणि त्याच्या मधोमध एक टिक. आता मुलीलाही ती ऐकू आली.

"हा आईचा चष्मा आहे," ती म्हणाली. "तिची काडी मिटायची सवय. बसल्या बसल्या उघडायची, मिटायची."

कानसेनांनी मान हलवली. तिला स्वस्थ बस म्हणून सांगितलं होतं, आणि ती जवळजवळ स्वस्थ बसली होती. त्या फुसफुसत्या हेडफोनात ही टिक पार बुडून गेली होती. त्यांनी तुकडा पुन्हा लावला, मग आणखी एकदा. एवढ्या दिवसांचं कोडं सुटल्यामुळे त्यांना बरं वाटत होतं, आणि त्या भरातच ते म्हणाले:

"शेवटचं प्रकरण लाव. तेही मोजून टाकू."

मुलीने नवा कागद घेतला. प्रकरण सुरू झालं. बोट वर झालं. खाली आलं, लगेच वर झालं. ती वेळ लिहीत होती, मग ते जमेना म्हणून नुसत्या उभ्या रेघा ओढू लागली. दर वाक्याला टिक होती. मग वाक्याच्या मध्येही. पाच मिनिटांत कागदाची एक बाजू भरली. तिने तो उलटला. मग वर पाहिलं, तर कानसेनांचं बोट खाली येणंच थांबलं होतं. ते तसंच वर धरून ते बसले होते.

"बाबा. बास आता."

तिने आवाज बंद केला.

त्या पुस्तकाला सात महिने लागले होते. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी ते कुरकुरायचे. आज कापायला फार आहे, म्हणायचे, जरा श्वास सांभाळून वाच. आणि ती दारातून म्हणायची, "सांभाळते हं." दुसऱ्या दिवशी खरोखरच जपून वाचायची, छोटी छोटी वाक्यं करून. निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढी धाप लागत होती, घरात कुणाला ऐकू आली नाही? चार-पाच महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं. नाही ऐकू आली, असं कानसेनांनी सांगितलं होतं. मनापासून सांगितलं होतं, त्यात खोटं काही आहे असं तेव्हा त्यांना वाटलं नव्हतं.

"आम्हालाही कुठे कळलं," मुलगी म्हणाली. "मी दर रविवारी येत होते. माझ्या कधी लक्षात आलं नाही."

"तुम्ही ऐकलं नव्हतं," कानसेन म्हणाले. "मी ऐकलं होतं. एकेक श्वास ऐकला, शोधून काढला आणि हाताने कापला. आणि स्वच्छ झालं म्हणून खूश झालो."

मुलीने त्यांचं वर धरलेलं बोट हातात घेतलं आणि हळूच खाली आणलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती नीट लागेपर्यंत तिचा आवाज येत राहिला.

आठव्या दिवशी सकाळी दुकानदाराचा फोन आला. मुलगी शेजारीच होती, चहाचे कप विसळत.

"काका, बोलीचा आज शेवटचा दिवस. थांबली का टिकटिक?"

"नाही."

"मग आणून द्या. एक नवी येणार आहे पुढच्या आठवड्यात, तिच्यावर बघू."

"नको. हीच ठेवतो."

"टिकटिक येतेय, तरी?"

"पेटीत काही दोष नाही," कानसेन म्हणाले. "फार चांगली आहे. सगळं ऐकू येतं."

दुकानदाराला आनंद झाला. मी पहिल्या दिवसापासून हीच घ्या म्हणत होतो, वरच्या वस्तूचं कामच वेगळं, असं तो बराच वेळ बोलत राहिला. कानसेनांनी त्याला मध्ये तोडलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी फोन ठेवला, टेबलाशी जाऊन पेटीचं बटण दाबलं आणि मुलीला हाक मारली.

"शेवटचं प्रकरण लाव, आणि इथे बस. या वेळी लिहू नकोस."