शेवटची जुडी

मी एक जुनी चवरी आहे. नारळाच्या काथ्याच्या लांब वेण्या आणि त्यांना धरून ठेवणारी लाकडी मूठ, एवढंच माझं शरीर. दूर महासागरातल्या उपोलू बेटावरच्या एका बिनभिंतींच्या घरात, मधल्या खांबाला मी लटकते. नवखा पाहुणा मला बघून म्हणतो, "माश्या हाकायला बरी आहे." मित्रांनो, माझं काम माश्या हाकायचं नाही. मी भाषण सांभाळते.

या घरचा कर्ता पेनिअमीना, त्याच्या आजोबांनी मला आपल्या मांडीवर वळलं. या घराण्यात गावासाठी बोलण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लग्न असो, मयत असो, गावाच्या वतीने बोलायचं ते याच घराने. पेनिअमीना बोलायला बसला की आधी मला उजव्या खांद्यावर टाकी, मग डाव्या, मग मांडीवर ठेवी आणि थांबे. त्या थांबण्यात कुत्रीसुद्धा गप्प होत. इतकी वर्षं झाली, तरी तो क्षण आठवला की मी शहारते.

मुलगी एसेता हिला त्याने माझ्यावरच शिकवलं. माझ्या वेण्यांच्या तो पाच जुड्या करी. पहिली देवाचे आभार मानायची. दुसरी गावाच्या थोर सकाळींची, म्हणजे युद्ध संपलं ती सकाळ, धर्म आला ती सकाळ. तिसरी समोर बसलेल्यांच्या मानाची. चौथी कामाची. आणि शेवटची आशीर्वादाची, 'तुमचं आकाश निरभ्र राहो.' ती म्हटल्याशिवाय भाषण संपवणं म्हणजे छप्पर न घालता घर सोडून जाणं.

"पाठ झालं बाबा," एसेता एकदा म्हणाली.

"पाठ तर पोपटालाही होतं. समोरचे जेवलेत का, ते बघितलंस?"

"त्याचा काय संबंध?"

"अगं, भुकेल्यांपुढे थोर सकाळी लांबवल्यास, तर ते जेवणाच्या भट्टीकडे बघत बसतील. जुड्या आपल्या असतात, बाई. कोणती किती ओढायची, ते समोरच्यांची तोंडं सांगतात."

पुढे पेनिअमीनाला झटका आला. अर्धं तोंड वाकडं झालं, वाचा गेली. मी खांबालाच राहिले. माझ्यात झुरळं शिरली, एका कोंबडीने घरट्यासाठी माझे धागे उपसून नेले. कुणाला मी आठवले नाही. मला फार वाईट वाटे.

मग ती सकाळ आली. एसेताचा भाऊ रोपाती याच्या ट्रकखाली डोंगराकडच्या गावचा इओसुआ सापडला आणि गेला. तरणाताठा मुलगा. त्या गावची पोरं दगड घेऊन रस्त्यावर बसली. आता क्षमा मिळाली नाही, तर रोपातीचा जीव राहणार नव्हता, आणि दोन गावांचं वैर पोराबाळांपर्यंत गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळं घर इओसुआच्या दारापुढे जाऊन बसलं. क्षमा मागायच्या आमच्या रीतीप्रमाणे डोक्यावरून बारीक विणीच्या चटया पांघरून, मान खाली घालून; दुखावलेल्या घराने चटई उचलली, तरच आत जायचं. मी एसेताच्या मुठीत होते. ऊन चढलं. चटईखाली रोपातीचा श्वास मला ऐकू येत होता. अखेर इओसुआच्या वडिलांनी, आलापातींनी, स्वतः येऊन चटई उचलली आणि आम्हाला आत नेलं.

पण त्यांचा वक्ता बोलला, "चटई उचललीय, मन अजून उचललेलं नाही. बोला. का पेनिअमीनाचं तोंड गेलं म्हणून नुसती चवरी पाठवलीय?"

एसेताने मला उजव्या खांद्यावर टाकलं, मग डाव्या. मांडीवर ठेवलं आणि थांबली. पेनिअमीना शेजारी बसून तिच्याकडे एकटक बघत होता.

देवाचे आभार तिने दोन वाक्यांत मानले. थोर सकाळींना नुसतं नमन केलं. मानाची जुडी मात्र तिने सावकाश ओढली. एकही नाव चुकलं नाही, आणि सगळ्यात शेवटी, कुणीच घेत नाही ते नाव तिने घेतलं, इओसुआच्या आईचं. खांबाआडून हुंदका आला. मग कामाची जुडी. "माझ्या भावाने तुमचा मुलगा मारला. याला दुसरा शब्द नाही. तो इथे बसलाय."

आता आशीर्वाद राहिला. एसेताने मला जमिनीवर ठेवलं.

"शेवटची जुडी मी उचलत नाही," ती म्हणाली. "तुमच्या आकाशाबद्दल बोलायचा हक्क आज आमच्याकडे नाही."

त्यांचा वक्ता दचकला. भाषण उघडं टाकणं हा केवढा अपमान. पेनिअमीनाने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं.

आलापाती उठले, तसे रोपातीचे खांदे आखडले. ते चालत आले, खाली बसले आणि त्यांनी माझी शेवटची जुडी हातात घेतली.

"पोरी, घर उघडं ठेवून जाऊ नये," ते म्हणाले. मग रोपातीकडे बघून, एकेक शब्द ओढत म्हणाले, "तुमचं आकाश... निरभ्र राहो."

मित्रांनो, मी पुष्कळ भाषणं ऐकली. पण भाषण एकाने मांडावं आणि ज्याचं काळीज फाटलंय त्याने ते पुरं करावं, हे मी एकदाच पाहिलं. त्यापुढे माझी मान आजही खाली जाते.

आता रोपातीची मुलं खेळताना मला खांबावरून ओढतात. पोरांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला कधी झटका, थोडं खोबरेल लावा. माश्या मारायच्याच असतील, तर चार जुड्यांनी मारा. पाचवी तेवढी सोडा. तिला आलापातींचा हात लागलेला आहे, आणि त्यामुळेच तुमचे वडील संध्याकाळी घरी येतात.