एका मतानं हरलेले टेलरमास्तर

मी एक मतपेटी बोलतेय. घाबरू नका, कुणी कुणाला मत दिलं हे मी मरेपर्यंत सांगणार नाही. ही एक गोष्ट मात्र मत देणाऱ्यानंच चारचौघांत कबूल केली, म्हणून सांगते.

कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात, उरलेल्या पत्र्यातून माझा जन्म झाला. पाच वर्षांतून एक दिवस मान, बाकी काळ कचेरीच्या माळ्यावर धूळ खात पडायचं. तक्रार नव्हती. इतका आराम कुणाला मिळतो?

त्या वर्षी आमदारसाहेब चौथ्यांदा उभे होते. एकाही मोठ्या पक्षानं समोर उमेदवार दिला नाही. साहेब बिनविरोध येणार असं सगळे धरून चालले होते, इतक्यात कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांनी अर्ज भरला. वस्तीतला दवाखाना दोन वर्षं डॉक्टरविना होता. मास्तरांच्या आईला इंजेक्शनसाठी दोन बस बदलाव्या लागत.

साहेब भर चौकात हसून म्हणाले, "मास्तर, निदान तुमच्या वस्तीच्या केंद्रावर तरी मला हरवून दाखवा. महिन्याभरात डॉक्टर आणतो!"

मतदानाच्या सकाळी शाळेच्या वर्गात सगळ्यांना मी रिकामी असल्याचं दाखवलं आणि मला सील केलं. साहेबांची माणसं निवांत होती. मास्तरांची बायको मात्र दारोदार फिरून एकेकाला घेऊन येत होती. संध्याकाळपर्यंत माझं पोट तट्ट भरलं. इतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. बाकी केंद्रांवर साहेब हजारोंनी पुढे होतेच. आमच्या केंद्रावर साहेब दोनशे बारा, मास्तर दोनशे अकरा.

"एका मतानं!" बायको हळहळली. मग तिला शंका आली. "अहो, तुम्ही स्वतःचं मत नीट दिलंत ना?"

मास्तर कान खाजवू लागले. "स्वतःलाच कसं द्यायचं? बरं दिसतं का ते? साहेबांना दिलं."

"धन्य आहे तुमची!" तिनं कपाळावर हात मारला. मोजणारे कारकून खो खो हसले. मला मात्र मास्तरांची फार दया आली.

साहेब हसले नाहीत. "माझ्याविरुद्ध उभे राहिलात आणि मलाच मत दिलंत?"

"मला कुठं आमदार व्हायचं होतं, साहेब? मला डॉक्टर हवा होता."

साहेबांनी आकड्यांचा कागद ओढून पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाले, "ते मत तुमच्याकडे धरू या. या केंद्रावर मी हरलो."

तीन आठवड्यांत डॉक्टरीणबाई रुजू झाल्या.

पुढे मतदानाची यंत्रं आली आणि मी मोडीत निघाले. बाईंनी मला दवाखान्यात मागून घेतलं. आता माझ्या पोटात रोग्यांचे कागद असतात. पाच वर्षांतून एकदा उघडणारी मी, आता दिवसातून वीस वेळा उघडते. सुखात आहे. तुम्हाला एवढंच सांगणं, उभे राहिलात तर लाजू नका, स्वतःला मत द्या.

आज मास्तरांच्या आई एकट्याच चालत आल्या, इंजेक्शन घेतलं आणि चहा गार व्हायच्या आत घरी पोचल्यासुद्धा.