बुवांचा आवाज सांभाळणारी डिस्क

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, संगणकाच्या पोटात फिरणारी मी एक जुनी हार्ड डिस्क. आम्हाला अंधाराची सवय असते, कौतुकाची नसते. पण एक मान मला मिळाला होता. कुशाबा बुवांची भजनं माझ्यावर होती. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवांनी गजर धरला की समोरचे बुवा पाणी मागत. त्यांच्या मुलाने, सुशांतने, ते सगळं मोबाइलवर टिपून माझ्यावर ठेवलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

गेल्या वर्षी बुवा वारले. तेव्हापासून त्यांची बायको कमल रोज दिवेलागणीला म्हणायची, "सुशांत, तेंचो आवाज लाव मां रे." मग मी जपून फिरायचे. वर्षश्राद्धाला साऱ्या भावकीला भजनं ऐकवायची, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

त्याच सुमारास सुशांतला नव्या नोकरीसाठी संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम हवी झाली. माझ्यावर जागा करायला त्याने भजनं उचलून एका नव्या बाहेरच्या डिस्कवर नेली आणि ती तशीच जोडून ठेवली. नवी सिस्टिम बसवायला घेतली तर पडद्यावर मी दिसेचना. संगणकाच्या मूळ सेटिंगमधला डिस्कचा मोड नव्या सिस्टिमला समजत नव्हता. काखेत कळसा म्हणतात तसं झालं. दिसत होती ती एकटी बाहेरची डिस्क, आणि तिचा आकार माझ्यावर मोकळ्या केलेल्या जागेएवढाच. सुशांतला वाटलं, ही तीच मोकळी जागा. त्याने बेलाशक पुसून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तरी सिस्टिम नीट चालेना. त्याने फणसवाडीतल्या नीलला, आपल्या मित्राला, फोन लावला. नीलने बाहेरचं सगळं काढून ठेवायला आणि तो मोड बदलायला सांगितलं. तसं करताच मी पडद्यावर आले.

"आई, सापडली डिस्क," सुशांत म्हणाला.

खरं सांगते, मला सापडायचं नव्हतं. आम्हा फिरत्या डिस्कवरून काही उचललं, तरी वर नवं लिहीपर्यंत ते खाली तसंच राहतं. बुवा अजून माझ्यात होते. मला वाचा असती तर मी त्याच्या पाया पडले असते. नवी सिस्टिम नेमकी त्यांच्यावर लिहिली गेली, आणि लिहून घेणारी मीच होते.

संध्याकाळी कमलने आवाज मागितला, तेव्हा बाहेरची डिस्क रिकामी निघाली. गिरगावातल्या दुरुस्तीवाल्याने आम्हा दोघींना तपासलं. ती नव्या, न फिरणाऱ्या जातीची, तिच्यावरचं पुसलं ते कायमचं गेलं. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "भजनं काढल्यावर हिच्यावर काही लिहिलंत का?"

"नवी सिस्टिम," सुशांत म्हणाला. त्याच्याकडे मला बघवेना.

माझ्यातून एक तुकडा तेवढा निघाला. बुवा घसा खाकरतात, पेटीचा सूर धरतात आणि म्हणतात, "कमल, पाणी दी गो." पुढे काही नाही.

मित्रांनो, डिस्क दिसत नसेल तर आधी हात आवरा. जी दिसतेय ती कोणती, हे नाव वाचून बघा. आणि जे एकच आहे, त्याची आणखी एक प्रत करा. बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग?

वर्षश्राद्धाला भावकी जमली. सुशांतने तो तुकडा लावला. कमल उठली, तांब्याभर पाणी आणून संगणकापुढे ठेवलं आणि बसली. आता भजन येईल म्हणून सगळे थांबले. मी फिरत राहिले. माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.