मागची घंटी

ताबिशला हाक मारली की तो कधी ओ देत नसे. मी स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून घसा कोरडा करायची आणि वैतागून वळावं तर हा पाठीशी उभा. "अल्लाने तोंड दिलंय ना?" असं विचारलं की हसायचा. म्हणायचा, "आलो की. अजून काय पाहिजे?"

असा माणूस मेल्यावर दुसऱ्यांना ओ देतो, हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

सांगत होता धनंजय, ताबिशचा जिवलग मित्र. हा चिपळूणचा, आम्ही रत्नागिरीचे. ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात दोघांची गाठ पडली. पुढे ताबिशने मस्कतला नोकरी धरली, पण थंडी पडली की दोघं सायकलींना तंबू-पथाऱ्या बांधून समुद्राकाठच्या जुन्या रस्त्याने निघायचे. धनंजय पुढे, ताबिश मागे. पुढच्याने घंटी दोनदा वाजवायची, मागच्याने एकदा. म्हणजे सगळं ठीक.

गेल्या वर्षी फिन्स आणि तिवी या गावांच्या मधल्या चढणीवर धनंजय माथ्याला पोहोचला. त्याने दोनदा वाजवली, खालून एकदा आली. बराच वेळ झाला तरी ताबिश येईना, म्हणून तो उतरून गेला. ताबिश चढणीच्या पायथ्याशीच पडलेला होता. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडला तेव्हाच गेला, धनंजय माथ्यावर पोहोचायच्या कितीतरी आधी.

"मग ओ कोणी दिली, भाभी?" धनंजयने मला विचारलं होतं. त्यानंतर तो दोनदा त्या रस्त्याने गेला. दोन्ही वेळा मागून घंटी आली, आणि तेव्हा ताबिशची सायकल मस्कतला, वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी होती.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण हेवा वाटायला विश्वास लागत नाही. वर्षभर मी त्या फ्लॅटमध्ये एकटी झोपले, भांडं पडलं तरी कान टवकारले, आणि नवरा माझा, घंटी मात्र मित्राला! शाळेतली माझी नोकरी सुटली होती, पुढच्या आठवड्यात कायमची रत्नागिरीला जाणार होते. मी धनंजयला फोन केला. म्हटलं, "मला एकदा त्या रस्त्याने ने. मला ऐकायचंय."

दिबाब गावात गाडी ठेवली तेव्हा उजाडत होतं. मी ताबिशचीच सायकल घेतली होती. हँडलवरची त्याची घंटी मी निघण्यापूर्वी फडकं कोंबून चिकटपट्टीने बांधून टाकली. खड्ड्यात आपोआप वाजली आणि मी खुळ्यासारखी रडत बसले, असं मला नको होतं.

"भाभी, तुम्ही मधे राहा," धनंजय म्हणाला.

"दोघंच तर आहोत. मधे कसली?"

तो माझ्या मागे पाहून म्हणाला, "यल्ला, चला, ऊन चढायच्या आत फिन्स गाठू."

नवा महामार्ग झाल्यापासून त्या रस्त्यावर कोणी येत नाही. डावीकडे समुद्र, उजवीकडे उघडेबोडके डोंगर. कोळ्यांची काही घरं दारं-खिडक्या काढून नेलेली, आत फक्त वाळू. खडकांना खालून पोकळ्या आहेत. लाट आत शिरली की कोणीतरी दमून श्वास सोडावा असा आवाज येतो. दृश्य इतकं सुंदर होतं की मला राग आला. मरायला हीच जागा मिळाली होती का?

धनंजयने दोनदा घंटी वाजवली. मी श्वास रोखला. लाट आली, गेली. तो थांबला, वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऐकलीत?"

"नाही."

"आत्ता, भाभी. तुमच्या मागूनच आली."

रस्त्याकडेला शेळ्या चरत होत्या. सगळ्यांनी माना वर करून माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. सगळ्यांनी एकदम. मीही वळून पाहिलं, तर ऊन आणि धूळ.

फिन्सच्या पांढऱ्या वाळूवर बसून आम्ही तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी खाल्ली. धनंजय चोरट्यासारखा खात होता. मला ऐकू येत नाही याची त्याला लाज वाटत असावी.

"शेळ्यांनासुद्धा ओ देतो," मी म्हणाले. "मी काय घोडं मारलं त्याचं?"

"भाभी, असं नका ना बोलू."

"मग काय बोलू? तू सांग. तुला येते, मला का येत नाही?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचा तिरस्कारच वाटला.

दुपार कलल्यावर चढण आली. पायथ्याशी धनंजयने एका दगडाकडे बोट दाखवलं. मी उतरून तिथे फातिहा पढले. जमीन जमिनीसारखीच होती. मग मी त्याला म्हणाले, "तू वर जा. मी एकटी येते."

तो दिसेनासा झाल्यावर मी निघाले. सामानाने सायकल जड झाली होती आणि मला मुळात सायकल धड येत नाही. पस्तिशी उलटल्यावर शिकलेली. दर शुक्रवारी अल अमेरातच्या एका मोकळ्या मैदानावर ताबिश मला शिकवायचा. दोन्ही हातांनी सीट धरून मागे धावायचा. मी किंचाळायची, "सोडू नकोस! आहेस ना?" तो कधी उत्तर द्यायचा नाही. त्यामुळे त्याने हात केव्हा काढला ते मला कधीच कळलं नाही.

अर्ध्या चढणीवर पाय भरून आले. छाती भात्यासारखी चालत होती. चाक वाकडंतिकडं व्हायला लागलं. इथेच पडणार, त्याच्यासारखीच, असं वाटलं. वरून दोनदा घंटी आली. मागून काहीच नाही. मग माझा बांध फुटला.

"ताबिश!" मी ओरडले. "अरे, आज तरी ओ दे! मी चाललेय रे, परत नाही यायची! आहेस ना?"

उत्तर नाही.

पण हँडल स्थिर झालं. पायांवरचा ताण हलका झाला. उतार नव्हता, वारा तोंडावरच होता, आणि सायकल सामानासकट चढत होती. सीट मागून किंचित उचलल्यासारखी वाटत होती. मानेवर कोणाचा तरी धापा टाकल्यासारखा श्वास लागला. मला भीती वाटत होती, तरी ते थांबायला नको होतं. मागे पाहिलं नाही. शिकवताना तो एकच गोष्ट बजावायचा, मागे बघायचं नाही.

माथ्यावर धनंजय सायकल टाकून उभा होता. मी समोर येऊन थांबले तरी तो माझ्या मागेच बघत होता. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"मी पुन्हा पुन्हा वाजवली, भाभी," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "आज आलीच नाही. या चढणीवर पहिल्यांदाच आली नाही. खलास. गेला वाटतं तो."

मी खाली उतरले. सीटवर हात ठेवला. उन्हात तापलेल्या सायकलीची ती सीट घामाने ओली होती, दोन्ही बाजूंनी, जिथे धरायची असते तिथे.

"घंटी कशी वाजवेल?" मी म्हणाले. "दोन्ही हात गुंतले होते त्याचे."