ओहोटीला कोण जाणार?

सात वर्षं दर मे महिन्यात आमच्या अणुवीज केंद्राला धाप लागायची. समुद्राचं पाणी आत ओढायचं, त्यावर यंत्रातली वाफ थंड करायची आणि तापलेलं पाणी परत खाडीत सोडायचं, असा तो सगळा कारभार. पण आत येणारं पाणीच कोमट असेल तर वाफ थंड होणार कशी? मग वीज कमी करायची, आणि अंधेरीच्या आमच्या डिझाइन ऑफिसात चंद्रप्रकाश साहेबांनी कपाळाला हात लावायचा.

यात माझा हात होता, हे मला ठाऊक होतं. सातही वर्षं ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. भित्रा माणूस गप्प बसला की लोक त्याला शांत म्हणतात.

त्र्याहत्तर साली, केंद्र उभं राहायच्या आधी, त्या खाडीचं तापमान वर्षभर मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी गुणाजी, घाटकोपरच्या चाळीतला, नुकताच नोकरीला चिकटलेला. होडी हरेश्वर तांडेलाची. तिथला कोळी, त्याच खाडीच्या तोंडाशी त्याच्या डोली लागायच्या, म्हणजे खुंटांना बांधलेली जाळी. ओहोटीला होडी चिखलात बसते, म्हणून तो निघायचा तो भरतीलाच. भरती म्हणजे बाहेरच्या खोल समुद्राचं गार पाणी. मी कॅनव्हासची बादली सोडायचो, थर्मामीटर बुडवायचो, आकडा लिहायचो. बाराही महिने आकडे झकास.

"ओहोटीला पन ये येकदा," तो म्हणायचा. "चिखल तापतो नं, पानी पायाला चटका देते."

ओहोटीला गुडघाभर चिखलातून चालत जावं लागलं असतं. माझ्या पायात नवे बूट होते, वडिलांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेले. मी गेलो नाही. पुढे त्या आकड्यांवर केंद्र बांधलं गेलं. आत घ्यायची आणि बाहेर सोडायची वाट एकाच खाडीत, जवळजवळ. ओहोटीला केंद्र स्वतःच सोडलेलं गरम पाणी पुन्हा पिऊ लागलं. रोजचं मोजमापही मी आखून दिलेल्या वेळेला, भरतीलाच. त्यामुळे कागदावर सगळं थंडगार.

खाडीतली मासळी गेली. हरेश्वर तांडेल म्हातारपणी वेसाव्याला लेकीकडे, सोनूबाईकडे, येऊन राहिला. गावाकडची होडी मात्र त्याने विकली नाही. पुतण्या दशरथ दर साली तिला तेल पाजायचा. आता दुसरं युनिट यायचं होतं, आणि तांडेलाच्या कानावर आलं होतं की गरम पाणी कदाचित लांब, खोल समुद्रात नेऊन सोडतील. तसं झालं तर खाडी सुधारेल, आपण परत जाऊ, एवढ्यावर तो म्हातारा जगत होता.

तेव्हा, अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, मी आठ दिवसांची रजा काढली आणि अनवाणी त्या चिखलात उतरलो. खरंच चटका बसला. भरतीला एकोणतीस, ओहोटीला चौतीस. एकदा नव्हे, आठही दिवस. तो कागद घेऊन मी साहेबांच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि बुटांसकट सगळं सांगितलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने कागद दोनदा वाचला, मग पंखा वाढवला.

"गुणाजी, हे मी मान्य केलं तर पहिल्या युनिटचा पायाच चुकला असं होईल. पावसाळ्यानंतर काँक्रीट पडणार आहे. आणि वीज का घटते ते बघायला नेमलेल्या कमिटीने लिहिलंय ना, समुद्रच हळूहळू तापतोय म्हणून. आता समुद्राची बदली करायची का?"

"तापतोय साहेब, खोटं नाही. अर्धा डिग्री. बाकीचं आपलं आहे."

"आठ दिवसांचे आकडे आहेत तुझे. वर्षभराचे आण."

"वर्षाने काँक्रीट झालेलं असेल."

"हो ना," साहेब म्हणाला आणि कागद मला परत दिला. त्यावर त्याने तारीखसुद्धा टाकली नाही.

संध्याकाळी घरी न जाता मी वेसाव्याला गेलो. सोनूबाई वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोरीवर, बोंबील वाळत टांगत होती. तांडेल बाजूला बसून तिला एकेक जोडी करून देत होता. मला बघून त्याने हात धुतले, जसं काही मी बातमी घेऊनच आलो होतो. आणि आलोच होतो.

"काय रं, नेतात का पाइप खोल?"

खोटं बोलायचा विचार केला होता, येताना सगळी वाट केला होता. पण त्याच्या तोंडाकडे बघून जीभ वळली नाही.

"नाही तांडेल. तिथंच. दुसऱ्याचंही पाणी तिथंच सोडणार. माझ्या जुन्या आकड्यांवर."

त्याने पुन्हा बोंबील हातात घेतले. मला वाटलं, शिव्या घालील. घालायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं.

"मी बोललो व्हतो ना तुला, ओहोटीला ये?"

"बोलला होतात."

"मंग का नाय आला रं?"

पंधरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"बूट खराब झाले असते," मी म्हणालो.

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं. मग पुढच्या दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवली आणि जोडी लेकीच्या हातात दिली.

"सोनू," तो म्हणाला, "दशरथला निरोप धाड. होडी विकून टाक म्हनावं."