उरलेले मणी

सकाळी एकशे आठ मणी पूर्ण होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. ह्यांना त्याची गंमत वाटायची. गाडीखाली शिरले की पान्याने तीनदा ठकठक करायचे. मग मी मुकाट्याने बॅटरी लावून हातात द्यायची. "बरं आहे," म्हणायचे, "बायको गप्प, काम झपाझप."

त्या सकाळी अंगणात जॅक मातीत रुतताना मी पाहिला. अकरा मणी उरले होते. वाटलं, तेवढे संपवते आणि सांगते. सातवा हातात असताना गाडी खाली आली.

नेम मी त्यानंतरही मोडला नाही. लोक म्हणाले, श्रद्धा असावी तर अशी. मी ऐकून घेतलं.

आठ वर्षांनी, काल, मुलीने तीच गाडी तिथेच उभी केली. पुढचे शॉकअप बदलायचे होते. तिचं काम चोख. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ठोकळे लावले, जॅकने पुढची बाजू उचलून खाली दोन लोखंडी स्टँड दिले, चाकं काढली.

"नुसत्या जॅकच्या भरवशावर मी नाही जायची खाली. आणि मौन आहे ना तुझं? मग डोळ्यांनीपण ओरडू नकोस, आई."

ती पाना आणायला घरात गेली. मी पायरीवर, हातात माळ.

गाडीखालून ठकठक झालं. तीनदा.

खाली कुणी नव्हतं. हात सवयीने पायरीवर ठेवलेल्या बॅटरीकडे गेला. वाकून उजेड टाकला. नळासाठी खणून बुजवलेल्या जागी डाव्या स्टँडचा एक पाय बोटभर आत गेला होता.

मुलगी आली. चटईवर आडवी होऊन डोकं आत सरकवू लागली. किती मणी उरलेत, ते मी पाहिलं नाही.

"थांब," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "बाहेर ये आधी."

भिंत बोलल्यासारखी ती बघत राहिली. मग तिला तो पाय दिसला. तिने चाकं परत चढवली, गाडी ढकलून सिमेंटच्या फरशीवर घेतली, तिथे पुन्हा उचलून स्टँड दिले. खांद्याने रेटून पाहिली. हलली नाही.

"तुला कसं गं कळलं?"

"तुझ्या बाबांच्या वेळीही कळलं होतं."

तिने पाना फरशीवर ठेवला, अगदी आवाज न करता, आणि माझ्यापासून दोन पायऱ्या खाली, पाठ करून बसली.